फोकस लावून ठेवलाय

तोंड उघडं असलं की माणसाला नाही म्हणता येत नाही, हे दातांच्या डॉक्टरांना चांगलंच ठाऊक. त्यांनी नकाशेबाईंच्या दाढेशेजारी कापसाचे दोन बोळे कोंबले, बारका आरसा आत घातला आणि मग अगदी आत्ताच सुचल्यासारखा विषय काढला.

“ताई, मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहायचा.”

“आँ… अं…”

“ठरलं तर मग!”

डॉक्टर गेली अकरा वर्षं हौशी छायाचित्र मंडळाचे सचिव होते. पन्नाशीला काढायचं पुस्तक पंचावन्नावं वर्ष संपत आलं तरी निघालं नव्हतं. मंडळातल्या कोणालाही चार ओळी लिहा म्हटलं, की तो चार फोटो काढून आणायचा. नकाशेबाई जमीन मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. नावही त्यावरूनच पडलेलं. काटेकोर बाई. केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. डॉक्टरांना वाटलं, आपण बाईंना बरोबर कात्रीत पकडलं.

खरं म्हणजे बाई आपण होऊन सापडल्या होत्या. कापूस निघाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “जुनी खोकी सगळी बघायला मिळतील ना?”

त्या खोक्यांत त्यांना एक चेहरा शोधायचा होता. मंडळ तिघांनी सुरू केलं, त्यातले एक बाईंचे बाबा. बाई सहा वर्षांच्या असताना, त्रेपन्न वर्षांपूर्वी, एका रविवारी भर दुपारी ते मंडळाच्या खोलीतून बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. “सगळ्यांचे फोटो तो काढायचा, त्याचा कोण काढणार?” आई म्हणायची. लग्नातला एक होता, तोही ओल लागून बुरशीनं खाल्ला. आणि खाल्ला तो नेमका चेहरा.

आई आता एक्क्याऐंशीची. शिलाईच्या मशिनीवर तिनं एकटीनं घर ओढलं, लेकीला शिकवलं. एकदा सुई बोटातून आरपार गेली, तेव्हापासून तिच्या उजव्या तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं. भलती चटपटीत बाई. कुठे जायचं असलं की दहा मिनिटं आधी चपला घालून दारात उभी, आणि वर लेकीला, “तुझं आवरतंय का आज?” त्या आईला गेल्या वर्षापासून विसरायला व्हायला लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. एका सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून ती म्हणाली, “अगं, मला त्याचा चेहराच आठवेना.” आणि रडली. लेकीनं तिला त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं. आईकडे फार दिवस उरले नाहीत हे दोघींनाही कळत होतं, आणि तो चेहरा तिला एकदा दाखवायचा, बस, एवढंच आता बाईंना हवं होतं.

मंडळाची खोली चष्म्याच्या दुकानावर होती. सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना, वर लांबट खोली, मागे फोटो धुण्याची अंधारी कोठडी. खोलीच्या एका भिंतीत लोखंडी आधार पक्का बसवलेला आणि त्यावर भात्याचा जुना लाकडी कॅमेरा. समोरच्या भिंतीला जिन्याचं दार. दाराच्या शेजारी हाताची लाकडी खुर्ची, तिच्यावर राखाडी कापड टाकलेलं.

ती खुर्ची बघितली आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्या रविवारी त्या याच खुर्चीत बसल्या होत्या. बाबांनी काळ्या कापडात डोकं घालून बराच वेळ खुडबुड केली, मग कापडाबाहेर येऊन म्हणाले, “फिल्म संपली की गं! खालून आणतो. हलू नकोस हं, फोकस लावून ठेवलाय. आलोच.”

ती हलली नाही. मुंग्या आल्या तरी हलली नाही. मग कधीतरी उन्हाचा पट्टा पायांवर आला, तहान लागली आणि ती खुर्चीतून उतरली. ही गोष्ट बाईंनी जन्मात कोणाला सांगितली नव्हती. पोरवयातली समजूत, दुसरं काय. पण आपण हललो म्हणून बाबा आले नाहीत, हे त्यांच्या मनात कुठेतरी कायमचं बसलं होतं.

बाबांचा शोध पुष्कळ झाला. दुकानवाले चष्मेवाले हे तिघांतले दुसरे. त्यांनी स्वतःच्या हातानं बाबांना फिल्मचं खोकं दिलं होतं आणि त्यांना जिना चढताना पाहिलं होतं. वरच्या खोलीत लेक बसलेली. मधे फक्त सतरा पायऱ्या. त्या पायऱ्यांवर माणूस जाणार कुठे? पोलिसांनी डोकं खाजवून कागद मिटले.

बाईंनी कामाला सुरुवात केली. दोन महिने रोज दुपारी जाऊन खोकी उपसली. सहलींचे फोटो, स्पर्धांचे फोटो, पुलावरून वाकून काढलेलं पाण्यातलं आभाळ. बाबा कशातच नव्हते. एका फोटोत गवतावर पडलेली त्यांची सावली होती, आणि एकात कडेला चुकून आलेला अंगठा. तेवढंच काय ते. बाईंनी त्या अंगठ्याकडे भिंगातून पाऊण तास बघितलं.

मग राहिली रविवारची खोकी. त्यांच्याकडे कोणीच ढुंकून पाहिलं नव्हतं. मंडळाचा एक जुना रिवाज होता: दर रविवारी तीन वाजता रसायनं कालवून झाली, की भिंतीवरच्या कॅमेऱ्यात एक फिल्म घालायची, पडदे ओढायचे, दार लावायचं, एकच ठरलेला दिवा लावायचा आणि खुर्चीवरच्या कापडाचा फोटो घ्यायचा. फिल्म धुतल्यावर कापड नेहमीइतकंच राखाडी आलं, म्हणजे रसायनं ताजी आहेत. कॅमेरा हलवायचा नाही, खुर्ची हलवायची नाही, दार उघडं ठेवायचं नाही. धुतलेली फिल्म तारीख घालून पाकिटात. त्रेपन्न वर्षांच्या अडीच हजारांवर फिल्मा, आणि सगळ्यांवर तेच: एक खुर्ची आणि एक बंद दार.

आता यात काय बघायचं? बाईंनी उगाच एक फिल्म काढून काचेच्या उजेडी टेबलावर ठेवली. दार किंचित उघडं होतं. कोणाचा तरी गलथानपणा, म्हणून त्यांनी वहीत टिपून ठेवलं. त्याच वर्षाच्या दुसऱ्या फिल्मेतही उघडं होतं. तिसऱ्या फिल्मेत तेवढंच. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

मग त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. दर वर्षाचा पहिला रविवार निवडला, त्रेपन्न फिल्मा ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर पारदर्शक कागद ठेवून टोकदार पेन्सिलीनं रेघा उतरवल्या आणि कागद एकावर एक रचले. खुर्चीचे पाय जुळले. भिंतीतला खिळा जुळला. दाराची कड जुळेना. पहिल्या वर्षी दाराला दिसेल न दिसेलशी फट. दुसऱ्या वर्षी केसाएवढी फट. तिसऱ्या वर्षी दोन केसांएवढी. दर वर्षी ठरल्या मापानं, न चुकता, ते दार उघडत चाललं होतं.

एकोणिसाव्या वर्षी दाराच्या कडेवर चार बोटं होती.

बाईंनी भिंग खाली ठेवलं, उठून पाणी प्यायल्या, खऱ्या दाराला कडी आहे ना ते बघून आल्या. कडी होती. परत बसल्या. सव्विसाव्या वर्षी उंबऱ्यावर बुटाचं टोक. तेहेतिसाव्या वर्षी गुडघा. एक्केचाळिसाव्या वर्षी खांदा, आणि काखेत धरलेलं चपटं खोकं. फिल्मेवर काळं ते पांढरं दिसतं. तो माणूस टेबलाच्या उजेडात लख्ख पांढरा होऊन, वर्षाला बोटभर सरकत, खोलीत येत होता. शेवटच्या फिल्मेत तो अख्खा आत आला होता. मान खाली, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून पायांकडे बघत चाललेला. केसांचा भांग स्वच्छ दिसत होता. चेहरा मात्र दिसत नव्हता.

बाईंना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मोठ्या डोंगरासमोर उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तशा त्या गप्प झाल्या. त्रेपन्न वर्षं या खोलीत लोक चहा पीत होते, भांडत होते, बक्षिसं वाटत होते. आणि त्यांच्यामधून एक माणूस अजून ‘आलोच’ म्हणून येत होता.

तिघांपैकी एकटे घड्याळकाका हयात होते. वय शहाऐंशी, घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलानं बंद केलं तरी डोळ्याला भिंग लावून खिडकीत बसलेले. बाईंनी त्यांच्यापुढे कागदांची चळत ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“दिसलं म्हणायचं तुला,” ते म्हणाले.

“काका, तुम्हाला ठाऊक होतं?”

“आम्हा दोघांना. बाकीचे कापड बघत बसायचे. बरंच होतं ते.” त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. “पुढच्याच रविवारी आम्ही त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म घालून बघितली. का, ते विचारू नकोस. फोकस त्यानं लावलेला होता, मोडवेना. फिल्मेत दाराला फट. प्रत्यक्षात कडी. चष्मेवाला म्हणाला, हा येतोय रे. आता असं दर रविवारी बघायचं, तर लोकांना सांगायचं काय? म्हणून ते राखाडी कापड आणलं.”

“आणि मला? आईला?”

“काय सांगणार होतो पोरी? की येतोय, पण अजून उंबऱ्यात आहे?” काकांनी हातातलं भिंग उगाच पुसलं. “तुझ्या आईच्या तोंडावर बोलायची हिंमतच झाली नाही कधी.”

बाईंनी गणित आधीच करून ठेवलं होतं. मान ज्या गतीनं वर होत होती, त्या गतीनं चेहरा दिसायला आणखी बारा वर्षं. “आईकडे बारा महिनेसुद्धा नाहीत हो काका,” त्या म्हणाल्या. मग जे त्रेपन्न वर्षांत बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. “ते मला हलू नकोस म्हणाले होते. मी हलले.”

काकांनी कागदांची चळत त्यांच्याकडे परत सरकवली. म्हणाले, “मग जाऊन बस की परत.”

पुढच्या रविवारी तीन वाजता बाईंनी खुर्चीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. “इतिहासाच्या पुस्तकात लेखिकेचा फोटो नको का?” असं डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर खूश.

“ताई, चष्मा काढता का? काच चमकेल.”

“राहू दे. त्याशिवाय दिसत नाही मला.”

डॉक्टरांनी कॅमेऱ्यात फिल्म घातली, पडदे ओढले, दिवा लावला. मग दार लावायला ते बाईंच्या मागच्या बाजूला गेले. बाई ताठ बसल्या, हात मांडीवर, नजर कॅमेऱ्याच्या काचेवर. गंमत म्हणजे पाय जमिनीला टेकले होते आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

कडी सरकल्याचा आवाज आला.

बाई हलल्या नाहीत.

खोलीत कोणी चालत नव्हतं. एकही फळी वाजली नाही. पण डोक्याला लावायच्या कुठल्याशा तेलाचा वास आला, फार जुन्या ओळखीचा. तो वास खुर्चीपाशी क्षणभर रेंगाळला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला गेला.

बाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही.

खट्.

“ताई,” डॉक्टर दारापाशीच उभे होते. हात अजून कडीवर. “मी अजून दाबलं नाही.”

फिल्म बाईंनी स्वतः धुतली. खुर्चीत त्या बसलेल्या, मागे दार बंद. घट्ट बंद. आत आलेला माणूस कुठेच नव्हता. बाईंना रडू कोसळलं. त्रेपन्न वर्षं चालत आलेला माणूस आपण एका दुपारी घालवला, असंच त्यांना वाटलं. भांग तरी दिसत होता, तोही गेला. डॉक्टर बिचारे काही न कळता पाण्याचा पेला घेऊन उभे.

“बघा, चमकलीच काच,” काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले. “दोन्ही भिंगांत काहीतरी आलंय.”

बाईंनी डोळे पुसले. भिंग घेतलं. मग फिल्म मोठी करायच्या यंत्रात लावली आणि चष्म्याच्या डाव्या काचेएवढाच भाग कागदभर मोठा केला. लाल दिव्याखाली, थाळीतल्या रसायनात, कागद हळूहळू काळा व्हायला लागला.

आधी कॅमेरा आला. मग भिंत.

मग कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला माणूस. एका हातात कॅमेऱ्याच्या बटणाची तार, दुसरा हात थांब म्हणतात तसा वर केलेला. मान वर. हसणारा.

डॉक्टरांनी बाईंचा दंड धरला.

आईनं फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. चष्मा लावून पाहिला, मग त्यावर भिंग धरून पाहिला. लेक जवळ उभी.

“एवढा लहान होता?” आई म्हणाली. “मला वाटायचं, माझ्याबरोबर तोही कुठेतरी म्हातारा झाला असेल.” दुभंगलेल्या नखाचं बोट तिनं त्या गालावरून फिरवलं. मग एकदम जुन्या आवाजात फोटोलाच म्हणाली, “किती रे उशीर!” आणि लेकीकडे वळून, “अगं, माझ्या चपला दाराशी काढून ठेव.”

अकराव्या दिवशी दुपारी आई झोपेतच गेली. फोटो छातीशी होता. चपला दाराशी, बाहेरच्या दिशेनं तोंड करून.

बाईंनी इतिहास पुरा केला. त्यात स्थापना आहे, सहली आहेत, स्पर्धा आहेत. रविवारच्या रिवाजावर चार ओळी आहेत, त्याही रसायनांबद्दल. रविवारची फिल्म आता त्या स्वतःच काढतात. खुर्चीवर कापड टाकतात, दार लावतात, बटण दाबतात.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या फिल्मेत खुर्चीवर कापड नव्हतं. मोठ्या कॉलरचा फ्रॉक घातलेली सहा वर्षांची मुलगी बसली होती. पाय अधांतरी, हात मांडीवर, नजर समोर. जराही न हलता. आणि फिल्मेच्या अगदी डाव्या कडेला काहीतरी टोकदार डोकावत होतं.

तिसऱ्या रविवारी ते बोट झालं. बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. सहाव्या रविवारी तो अख्खा पंजा होता, चल म्हणून पुढे केलेला. बाबांना खोलीत यायला त्रेपन्न वर्षं लागली; आई मात्र पहिल्यापासून कामाला चटपटीत. बाईंनी पट्टी लावून मोजलं. मुलीच्या हातापासून त्या बोटापर्यंत एकवीस मिलिमीटर. आठवड्याला एक मिलिमीटर, न चुकता.

त्या आठवड्यात दाढेवर टोपी बसवायची होती. डॉक्टरांनी ती बसवली, ठोकून बघितली, कापूस काढला आणि वही उघडली.

“झकास बसली, ताई. आता सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा. कुठली तारीख टाकू?”

बाईंनी पर्समधलं छोटं कॅलेंडर काढलं, रविवार मोजले, आणि परत आत ठेवलं.

“सहा महिने नको, डॉक्टर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चार महिन्यांच्या आतली द्या.”